शेवटची बादली

पन्नासच्या रेघेवर दोऱ्याचा फास होता, तरी मीटरपट्टी उजवीकडे कलतच होती — अगदी केसभर, मागच्या बाकावरून दिसणारही नाही इतकी — आणि सहादेव मास्तर तिच्या त्या खाली गेलेल्या टोकाकडे बघत, खडू हातात धरून, रिकाम्या प्रयोगशाळेत उभे होते. दरवर्षी ते डाव्या टोकाला चिमूटभर मेण लावून पट्टी सरळ करून घेत. मग फळ्यावर लिहायचं: दांडीचे वजन नगण्य माना. अठरा वर्षं हेच लिहीत आलो. आज मेणाची डबी टेबलावर होती आणि हात तिच्याकडे जात नव्हता.

चार वाजता चावडीवर फौजदार येणार होते. बन्सी विहिरीत मेला त्याला नऊ दिवस झाले होते, आणि विहिरीतला गाळ वर उचलणाऱ्या यारीवरचे धोंडे कमी कोणी केले एवढंच विचारायचं राहिलं होतं. पक्कं उत्तर दोघांनाच ठाऊक होतं. एक यारीवाला छगन मिस्त्री आणि दुसरा... दुसरा हा, बल गुणिले अंतर शिकवणारा शहाणा.

यंदा पाऊस नाहीच म्हटल्यावर गावाने पिण्याच्या पाण्याची विहीर आणखी खोल घ्यायला काढली होती. काठावर छगनची लाकडी यारी उभी राहिली. तिचा एक हात विहिरीवर, दुसरा मागे, आणि मागच्या हातावर रचलेले धोंडे. पुढे दगड-गाळाची बादली वर यायची, मागे धोंडे तोल धरायचे. रविवारी मास्तर तिकडे सहज गेले — सहज कशाचे, मिरवायला गेले — आणि म्हणाले, छगन, एवढे धोंडे कशाला रे? मागचं लाकूड ओझ्याने कुरकुरत होतं हे खरं. पण लाकडाची दया आली म्हणून काही ते बोलले नव्हते. छगनने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं आणि तरी त्याची यारी वीस वर्षं कुठे ढळली नव्हती, हे खुपत होतं. त्यांनी काटकीने मातीत आकडे मांडले. बादली दीडशे किलो, आठ फुटांवर. मागे सहा फुटांवर दोनशे किलो पुरे. वर आणखी पन्नास धरा, जास्तीचे. छगनने चारशे रचले होते! माणसं वाकून बघत होती, आणि त्या वाकलेल्या मानांचं काय सुख वाटलं होतं... माणसं पांगल्यावर छगनने मास्तरांच्या देखत दीडशे किलोंचे धोंडे उतरवले.

पण दुपारची शेवटची बादली. ती रिकामी वर आणायची नाही. रिकामी आली तर विहीरही रिकामी राहते, असं इथे मानतात. बाकीचे दोराला धरून चढतात, आणि खाली उरलेला एकटा माणूस ती काठोकाठ भरतो, तिच्याच काठावर पाय देतो आणि तिच्याबरोबर वर येतो. दीडशे, आणि वर साठ किलोंचा बन्सी. दोनशेदहा गुणिले आठ — सोळाशेऐंशी. मागे अडीचशे गुणिले सहा — पंधराशे. यारीच्या मागच्या लाकडांचं स्वतःचं वजन होतं म्हणून बादली अर्ध्यापर्यंत तरी आली. जे वजन मास्तरांनी जन्मभर सोडून दिलं, त्यानेच बन्सीला तेवढं वर आणलं. मग दोराच्या चाकाला एक हिसका बसला आणि यारी विहिरीकडे कलंडली.

तिसऱ्या दिवशी मास्तर भेटायला गेले तर बन्सीची बायको लंकाबाई पदर सावरून उठली, आणि तिने त्यांना बसायला घोंगडी टाकली. तिने तोंडावर थुंकायला हवं होतं.

ठाऊक नव्हतं म्हणावं, तर मी स्वतः त्याच विहिरीतून तसा वर आलोय. सात वर्षांचा होतो, वडिलांच्या कमरेला मिठी मारून, खाली बघायचं नाही म्हणून डोळे मिटून. ठाऊक होतं. मातीत आकडे मांडताना क्षणभर बन्सी दिसलाही होता, बादलीवर उभा, दोराला धरून — आणि मी त्याला बाजूला सारलं. उदाहरणात माणूस नसतो. माणूस घेतला की आकडा छगनच्या चारशेकडे सरकतो, आणि समोर छगन उभा होता.

दारात सावली पडली. छगन वहाणा बाहेर काढून उंबऱ्याशी थांबला होता.

"मास्तर, मी सकाळीच ठाण्यावर जाऊन फौजदारास्नी सांगितलंय. धोंडे म्याच काढले म्हनून. तुमी चावडीवर न्हाई आला तरी चालंल."

"छगन, अरे पण... तुला आत टाकतील."

"टाकत्याल. यारी माझी हाय, मास्तर. तुमचं नाव निघालं तर साळंचं काय ऱ्हाईल?" तो टांगलेल्या पट्टीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "येक इचारू? रागावू नगा. तुमचं गनित बरुबर हुतं ना?"

आत्ता. आत्ताच सांगायचं. आणि मास्तरांना आपलाच आवाज ऐकू आला, वर्गात येतो तसा, स्वच्छ:

"गणित बरोबर होतं."

छगनने मान हलवली. "वाटलंच मला. मंग रचतानी माझंच काय तरी चुकलं असंल." आणि वहाणा घालून तो गेला.

घंटा झाली. मुलं आत आली, बाकं सरकली. मास्तरांनी मेण घेतलं, बोटांत मळलं, डाव्या टोकाला लावलं; पट्टी डुलली आणि सरळ झाली. ते फळ्याकडे वळले. दांडीचे वजन, एवढं लिहून झालं आणि खडू तिथेच टेकून राहिला. मागे कोणीतरी खोकलं. नऊ दिवस भीती होती की कोणी विचारेल. आता कोणी विचारणार नव्हतं, कधीच नाही. छगनसुद्धा तुरुंगात बसून आपलीच चूक शोधत राहणार होता. चावडीवर जायला अजून अर्धा तास होता. पाय तिकडे वळतील की घराकडे, हे मास्तरांना कळत नव्हतं. एकच कळत होतं, आणि ते आता कुठल्याच टोकाला काही लावून सरळ होणार नव्हतं — छगन "म्याच काढले" म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं होतं.