गप्प गिऱ्हाईक

नेटवाला काउंटरखाली बसला होता आणि टॉवरच्या सोसायटीचे चेअरमन काउंटरवर कोपर टेकून उभे होते. मध्ये फक्त एक प्लायवूडची फळी.

"ते बाहेर गेलेत," बायको म्हणाली. मान वर केली नाही, की कानावरचा हेडफोन काढला नाही. खोटं बोलावं तर असं.

"कुठं?"

"खांबावर चढलेत."

तेवढ्यात खांबावर चढलेल्या माणसाचा फोन काउंटरखाली वाजला. चेअरमननी वाकून पाहिलं. नेटवाल्यानं हाताला लागली ती वायर पकडली आणि तिच्यातच सगळा जीव अडकल्यासारखा तिच्याकडे बघत बघत वर आला.

"अर्थिंग तपासत होतो."

"तपासा. सगळं तपासून घ्या," चेअरमन म्हणाले. "उद्या संध्याकाळी फायनल आहे. आमच्या टॉवरमधल्या एका जरी टीव्हीवर ती पाटी दिसली ना, तर सोमवारी मोठ्या कंपनीची गाडी आमच्या गेटात असेल. त्यांची पत्रकं लिफ्टमध्ये लागलीसुद्धा. मी फाडलेली नाहीत."

ते गेले. नेटवाल्यानं वायर परत काउंटरखाली टाकली.

ती पाटी म्हणजे काय, ते सांगायला हवं. इंटरनेटवर प्रत्येक घराला आकड्यांचा एक पत्ता असतो. गिऱ्हाइकं वाढली, पत्ते पुरेनात, तेव्हा नेटवाल्यानं पत्त्यांचा एक गठ्ठा सेकंडहँड घेतला. स्वस्तात मिळाला म्हणून आठवडाभर शिट्टी वाजवत फिरत होता. मग कळलं की गठ्ठ्याचा आधीचा मालक लोकांचं ठिकाण लपवून, जणू तोंडावर फडकं बांधून, त्यांना दुसऱ्या देशातले सिनेमे दाखवायचा. नेटवरून सिनेमे, सामने, मालिका दाखवणाऱ्या सिनेमावाल्यांनी तो अख्खा गठ्ठाच काळ्या यादीत टाकलेला. त्यामुळे नेटवाल्याच्या साध्यासुध्या, वेळेवर झोपणाऱ्या गिऱ्हाइकांनी टीव्ही लावला की पडदा काळा व्हायचा आणि वर पांढऱ्या अक्षरांत यायचं: 'तुम्ही तुमचं ठिकाण लपवत आहात. तुमच्या इंटरनेटवाल्याशी बोला.'

नेटवाल्यानं सिनेमावाल्यांना फोन लावला होता. पलीकडून साखरेत घोळलेला आवाज आला.

"सर, कृपया तुमच्या इंटरनेटवाल्याशी बोला."

"अहो ताई, मीच तो!"

"धन्यवाद सर. मग आपण आपल्याशी बोलून घ्या."

बायको त्या दिवशी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. रात्री मात्र तिलाही झोप आली नाही. टॉवर म्हणजे अर्ध्याहून जास्त धंदा. टॉवर गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की पन्नाशीत दुसऱ्याच्या शिडीवर चढायचं.

मग नेटवाल्यानं डोकं चालवलं. सुरुवातीच्या काळातले थोडे जुने पत्ते त्याच्याकडे होते, धुतल्या तांदळासारखे स्वच्छ. जो फोन करून शिव्या देईल, त्याला जुना पत्ता द्यायचा. आणि तो काढून कुणाचा घ्यायचा? जो कधी फोन करत नाही त्याचा. इथे बसून दोन बटणं दाबली की झालं, कुणाच्या दारात जायला नको. बायकोनं या कारभाराला नाव ठेवलं, 'ओरडा आणि मिळवा योजना'.

टॉवर चांगलाच ओरडत होता. गप्प गिऱ्हाइकांचे पत्ते आठवडाभर एकेक करून तिकडे चालले होते. पहिला गेला तो शिलाईवाल्या मावशींचा. मावशींनी इतक्या वर्षांत एकदाही तक्रार केली नव्हती. बिल द्यायला आल्या तरी "तुला त्रास नको म्हणून मीच आले" म्हणायच्या.

फायनलच्या संध्याकाळी दोघं दुकानात स्क्रीनसमोर बसली. प्रत्येक घरात नेट किती चाललंय, त्याची एक रेघ. टॉवरच्या रेघा उड्या मारत होत्या. सामना सुरू झाला, पाटी कुठेच नाही, फोन गप्प. नेटवाल्यानं पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

"अहो," बायको म्हणाली, "ही रेघ बघा."

एक रेघ सपाट होती. सरळ, आडवी.

"बंद करून गावाला गेलं असेल कुणी."

"मावशींची आहे. काका अंथरुणाला खिळलेत. त्या कुठं जाणार?"

नेटवाल्यानं रेघ मागे सरकवली. काल सपाट. परवा सपाट. ज्या दिवशी त्यानं पत्ता काढला, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रेघ नुसती डुलत होती, आणि मग एकदम मेली होती. पाटी आली तरी रेघ थोडी हलते. माणूस पुन्हा लावून बघतो, मोबाइल चाळतो. ही हललीच नव्हती.

"फोन लाव."

"लावला. बंद आहे."

"परत लाव."

"अहो, बंद आहे म्हणतेय ना!" बायकोचा आवाज चिरकला. "दोन म्हातारी माणसं. एकाला हलता येत नाही. दुसरीला काही झालं तर..."

पुढचं तिनं बोलायची गरज नव्हती. नेटवाल्याला सगळं दिसलं: मावशी स्वयंपाकघरात पडलेल्या, काका पलंगावरून नुसते बघत असलेले, वाचा नाही, हाक मारता येत नाही. आणि आपण इथे बसून रेघा मोजतोय. तो चप्पल न घालताच गाडीवर बसला.

वाटेतल्या प्रत्येक खिडकीतून सामन्याचा आरडाओरडा येत होता. सिग्नलला त्यानं देवाला काय काय कबूल केलं, ते लिहिलं तर देवालाही हसू येईल. मावशींच्या जिन्यात दिवा नव्हता. धडपडत दाराशी पोचला. बेलवर बोट ठेवलं, आणि थबकला.

आतून एक पुरुष बोलत होता. जाड, दरडावणारा आवाज.

"सही कर! नाहीतर या घरातून जिवंत बाहेर पडणार नाहीस!"

मग एक बाई हुंदके द्यायला लागली.

काका तर बोलू शकत नाहीत. मग हा कोण? नेटवाला दारापासून मागे सरकला. पळून जावं, खाली जाऊन चार माणसं गोळा करावीत, असं वाटलं. दोन पायऱ्या उतरलाही. मग परत चढला आणि डोळे मिटून दार ढकललं. ते उघडंच होतं.

खोलीत ते दोघंच. काका उशांना टेकून बसलेले. समोर काळा टीव्ही. आणि टीव्हीच्या पुढे मावशी उभ्या, खांद्यावर काकांचा जुना कोट, एक हात कमरेवर. दुसऱ्या हाताचं बोट हवेत तसंच राहिलं. त्यांनी नेटवाल्याला पाहिलं आणि चेहरा पांढराफटक पडला.

"न्यायला आलास?" त्या हळूच म्हणाल्या.

"कुणाला?"

"टीव्हीवर आलं होतं. तुम्ही लपताय म्हणून." त्यांनी कोट काढून छातीशी धरला. "आम्ही काही केलं नाही रे. यांच्या हाताखाली रिमोट येतो कधी कधी, दाबलं गेलं असेल काहीतरी. मी लगेच सगळं बंद केलं. तुझा डबापण काढून ठेवला, मोबाइलपण. म्हटलं, शोधत यायला नको कुणी."

कपाटात साड्यांच्या खाली, चादरीत गुंडाळलेला राउटर होता. नेटवाल्यानं तो बाहेर काढला.

"मावशी, मला विचारायचंत ना."

"तिथं तुझ्याशीच बोला असं लिहिलं होतं. म्हणूनच तर भीती वाटली. तुझ्यावर काही आलं असेल तर?" मग जरा लाजून म्हणाल्या, "पण यांना संध्याकाळी मालिका लागतेच. नाही लागली की हात आपटतात. मग मीच सगळ्यांचे आवाज काढून करून दाखवते. आता पुढचं मलापण माहीत नाही, मनानंच चाललंय."

नेटवाल्यानं डबा भिंतीला लावला. हिरवे दिवे येईपर्यंत तो भिंतीकडेच बघत उभा राहिला. मग बायकोला फोन लावला.

"बऱ्या आहेत दोघं. त्यांचा जुना पत्ता परत दे. आत्ता."

"एकही शिल्लक नाही. सगळे टॉवरला दिलेत. कुणाचा काढू?"

पलीकडे सामन्याचा गलका चालू होता. नेटवाल्यानं काळ्या टीव्हीकडे पाहिलं.

"जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो त्याचा."

पलीकडून दोन बटणांचा आवाज आला.

मिनिटभरात फोन वाजला. चेअरमन. नेटवाल्याचा अंगठा लाल बटणाकडे गेला, आणि मग त्यानं हिरवं दाबलं.

"अहो, सामना ऐन रंगात आलाय आणि माझ्या टीव्हीवर..."

"मीच काढला साहेब. इथं जास्त गरज होती."

पुढं चेअरमन जे बोलले ते सगळं त्यानं ऐकून घेतलं. सोमवार, गाडी, गेट. फोन बंद झाला तेव्हा त्याचा कान गरम झाला होता.

समोर टीव्ही लागला होता. मालिकेतली माणसं चकचकीत कपड्यांत, हुबेहूब माणसांच्या आवाजात भांडत होती.

"लागली हो!" मावशी म्हणाल्या आणि बाजूला सरकून पलंगाच्या कडेला बसल्या.

काकांनी पडद्याकडे एकदा पाहिलं. मग मान हळूहळू वळवून मावशींकडे पाहिलं. चालत्या हाताचं बोट चादरीवर दोनदा हललं.

मावशींनी नेटवाल्याकडे ओशाळून बघितलं.

"जरा आवाज कमी करतोस का रे?" त्या म्हणाल्या, आणि उठून परत कोट घालायला लागल्या.