फळीवर कोण उभं होतं

मी एक जुनी ढकलगाडी आहे. नावात गाडी आहे, पण चाक एकही नाही. खाली दोन लोखंडी पट्ट्या, पुढे पाच गाद्या आणि मागे एक लाकडी फळी. पोरांनी गादीला खांदा लावून मला मातीतून रेटायचं आणि प्रशिक्षकाने मागच्या फळीवर उभं राहून ओरडायचं, हा माझा जन्मभराचा धंदा. मित्रांनो, आमच्या अमेरिकेतल्या जॉर्जियातला फुटबॉल नावाला पायाचा आहे. खरा खेळ खांद्याचा. समोरच्याला रेटायचं आणि मागून चेंडू घेऊन येणाऱ्याला वाट करून द्यायची.

माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मी चिडलेली आहे. कॉलेजच्या संघासाठी शाळेतली पोरं निवडायला जे शहाणे मोटारी उडवत येतात ना, त्यांच्यावर चिडले आहे, आणि आमच्या शाळेचा प्रशिक्षक टिलरी, त्याच्यावर तर त्याहून जास्त.

हॅडली गावच्या शाळेमागे वेल्डिंगची शेड आहे. भुईमूग वाहणाऱ्या एका मोडक्या ट्रॉलीच्या लोखंडातून तिथे मला जोडलं. तेव्हा काय थाट होता माझा! दर उन्हाळ्यात अंगावर नवा रंग चढायचा. सराव बघायला बायाबापड्या उकडलेल्या शेंगांचे पुडे घेऊन कुंपणाशी उभ्या राहायच्या आणि तोंडावरची चिलटं फुंकून उडवत आम्हाला शाबासकी द्यायच्या. सामना जिंकून आलेली पोरं माझ्या गाद्यांवर थापा मारायची. आता व्यायामशाळेत चकचकीत यंत्रं आली आहेत. माझ्या एका गादीतून स्पंज लोंबतोय, दुसरीला चिकटपट्टी लावली आहे, आणि पावसात मला आत ओढायचं कोणाला सुचत नाही. मेल्यांनो, एक ताडपत्री तरी टाका!

पण तो राग वेगळा. मूळ गोष्ट केड्रिकची आहे.

केड्रिक बूथ हा कोंबड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या रोंडाचा मुलगा. उंची सहा फुटाला दोन बोटं कमी. मान आखूड, दिसायला अगदीच साधा. पण खांदा लावला की माझ्या पट्ट्या करकरायच्या. शिट्टी वाजेपर्यंत तो थांबायचा नाही. पाय घसरला तर गुडघ्यावरून उठून परत त्याच गादीला भिडायचा. सराव संपल्यावर बाकीचे पाण्याकडे पळायचे आणि हा मला एकटा ढकलत जागेवर आणून ठेवायचा. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघतही नव्हतं.

त्याच्याच वर्गात ब्रॅन्सन वेल्स होता. साडेसहा फुटाचा देखणा गडी. पहिला धक्का झकास द्यायचा, मग कंबर वर यायची आणि जोर विरून जायचा. पोरगा वाईट नव्हता हो. पण बापाने त्याच्या चांगल्या चांगल्या धक्क्यांचे तुकडे जोडून व्हिडिओ केला होता, त्यामुळे सगळ्या राज्याला वाटायचं की हा जन्मात कधी पडलाच नाही.

वसंतात कॉलेजवाले आले. काय ती माणसं! एक पोराच्या हाताचा पंजा मापतो, दुसरा त्याच्या आईची उंची विचारतो, तिसरा मान खाली घालून फोनमध्येच बघत बसतो. अरे, कलिंगड घेणारा माणूससुद्धा टिचकी मारून बघतो! पोरगा हरत असताना कसा खेळतो, चूक झाल्यावर कोणाकडे बोट दाखवतो, आपल्या जागेवर दुसऱ्याला घेतलं तर तोंड पाडून बसतो का, यातलं काही म्हणजे काही विचारत नाहीत.

त्यांतला केसलर सगळ्यांत मोठ्या कॉलेजचा. त्या कॉलेजात जागा मिळाली की शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट. रोंडाच्या पोराला कॉलेजचं दार दुसऱ्या कुठल्या वाटेने उघडणार नव्हतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. टिलरीला तर पक्कं ठाऊक होतं. पण टिलरीला स्वतःलाच त्या कॉलेजात प्रशिक्षक म्हणून जायचं होतं, आणि तिथे घेऊन जायला त्याला देखणा माल हवा होता.

केसलरने माझ्यासमोर फोन धरला. फोनात पुढचा खांदा दिसतो, मागची फळी दिसत नाही, हे लक्षात ठेवा.

"हं केड्रिक, चल," टिलरी म्हणाला आणि फळीवर चढला. मग मदतनीसाला हाक मारली, "ए डब, तूही चढ रे."

डब म्हणजे पोट सुटलेला, अघळपघळ गडी. तो घुटमळला. "दोघं, कोच?"

"चढ म्हटलं ना!"

डब चढला. माझ्या पट्ट्या मातीत रुतल्या. केड्रिकने खांदा लावला. मी हलले, पण फार हळू. त्या पोराच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि तो मला इंच इंच करत सरळ रेषेत नेत होता. शिट्टी झाली तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद होता.

केसलर फोनमध्ये बघतच म्हणाला, "पाय जड आहेत याचे. आणि बुटका."

"हो सर," केड्रिक धापा टाकत म्हणाला. त्याला वाटलं खरंच आपले पाय जड आहेत!

मग ब्रॅन्सन आला. डबला आधीच पाण्याच्या डब्याकडे पिटाळलं होतं. टिलरी फळीवर उभा राहिला, शिट्टी फुंकली, आणि ब्रॅन्सनचा पहिला धक्का बसताच चोरासारखा मागे उतरला. मी रिकामी झाले आणि सुटले ना सुसाट!

"बापरे!" केसलर ओरडला. "उडवलीच की गाडी!"

"आमच्याकडे असंच खातंपितं पोर असतं," टिलरी हसला.

माझ्या तोंडाला जीभ असती तर त्याच क्षणी बोंब ठोकली असती. नव्हती. नुसती मैदानाच्या टोकाला जाऊन पडले.

हिवाळ्यात कॉलेजच्या करारावर सह्या करायला व्यायामशाळेत टेबल मांडलं. ब्रॅन्सनने त्या कॉलेजची टोपी डोक्यावर चढवली, फोटो निघाले, गावाने केक खाल्ला. केड्रिक सगळ्यांत मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. दुसऱ्या दिवशी रोंडा मैदानावर आली.

"कोच, माझ्या केड्रिकचं कोणी विचारलं का हो?"

"बघतो ना, मिस रोंडा. शब्द टाकतो."

कसला टाकतोय! उन्हाळा आला आणि केड्रिक पांढरे रबरी बूट घालून आईबरोबर कारखान्यात कोंबड्या टांगायला लागला. टिलरीलाही कॉलेजने विचारलं नाही. बरं झालं.

पुढच्या वर्षी, सराव रंगात असताना ब्रॅन्सन परत आला. कॉलेजने त्याला एका हंगामात मोडीत काढलं होतं. तिथल्या पोरांनी त्याला रोज मातीत घातलं, आणि शेवटी गोड शब्दांत दुसरीकडे जागा बघायला सांगितलं. खांदे उतरले होते बिचाऱ्याचे. टिलरीला मात्र त्यातलं काही दिसलं नाही.

"बघा रे पोरांनो, कोण आलंय! ब्रॅन्सन, दाखव यांना. गाडी कशी उडवलीस ते दाखव."

ब्रॅन्सन माझ्यापुढे आला. गादीवर हात ठेवून म्हणाला, "दाखवतो, कोच. पण आज उतरू नका."

टिलरीने तोंडाकडे नेलेली शिट्टी खाली घेतली.

"काय बोलतोयस?"

"त्या दिवशी तुम्ही उतरलात. मागचं वजन गेलेलं खांद्याला कळतं, कोच. मला तेव्हाच कळलं होतं. मला वाटलं, जाऊ दे, फायदा माझाच आहे. तिथे गेल्यावर समजलं काय फायदा होता तो. आणि केड्रिकच्या वेळी फळीवर दोघं होतात तुम्ही. डबला विचारा."

डब बुटांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "होतो."

हॅडलीत बातमी पोचायला फोन लागत नाही. दुसऱ्या दिवशी कामाची पाळी संपवून रोंडा थेट मैदानावर आली. अंगाला कारखान्याचा वास, पायात तेच पांढरे बूट. मागे केड्रिक, "मॉम, चल ना घरी, मॉम," करत. ती थांबली नाही. भर सरावात माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"कुठे उभा होतास, रॉयस टिलरी? इथे?"

आजवर ती त्याला कोचशिवाय काही म्हणाली नव्हती.

रोंडा फळीवर चढली. डबकडे बोट केलं. "तू पण ये. त्या दिवशी जसा होतास तसाच." डब मुकाट्याने चढला. मग तिने टिलरीच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. "आता ढकल."

"मिस रोंडा, पोरं बघतायत."

"बघू देत. माझ्या पोराकडे तर कोणी धड बघितलंही नाही. ढकल!"

टिलरीने खांदा लावला. मित्रांनो, काय सांगू! त्याचे नवे बूट मातीत सरकत होते, टोपी पडली, मान फुगली, आणि मी ढिम्म. तो थांबून कमरेवर हात ठेवायला गेला.

"शिट्टी वाजली नाही अजून," रोंडा म्हणाली.

तो परत वाकला. एकही पोर हसलं नाही. कितीतरी वेळाने तिने शिट्टी फुंकली तेव्हा तो गुडघ्यांवर बसला होता आणि रडत होता. मला दया आली म्हणाल तर नाही आली.

"आता फोन लाव," ती म्हणाली. "एक वर्ष गेलंय, सगळं आयुष्य नाही."

शेजारच्या राज्यातलं एक छोटं कॉलेज होतं, तिथे त्याने लावला. जे खरं होतं ते सगळं सांगितलं, माझ्यासमोर, अडखळत. पलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न केला तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "उंची किती पोराची?"

रोंडाने फोन ओढून घेतला. "उंची विचारू नका, साहेब. इथे या. आणि तो फोन मोटारीत ठेवून या. तुम्ही स्वतः फळीवर उभं राहायचं. मग सांगा मला माझं पोर केवढं आहे ते."

पलीकडच्या माणसाने वहीची पानं उलटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "गुरुवारी येतो, मॅडम."

तो घेईल की नाही, मला माहीत नाही. घ्यावंच असंही नाही. पण मित्रांनो, कोणाची पारख करायची वेळ तुमच्यावर आली, तर एवढं करा. सगळ्यांना सारखं वजन द्या, आणि फळीवर दुसऱ्याला उभं करू नका, स्वतः चढा. ज्याला हे जमत नसेल त्याने पोरं निवडायला येऊच नये. घरी बसावं.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर केड्रिकने मला जागेवर ढकलत आणून ठेवलं. ब्रॅन्सन मदतीला आला तर म्हणाला, "राहू दे रे, मला येतं." मग जाताना शेडमधून एक ताडपत्री आणली आणि माझ्यावर टाकली.