क्लचमधल्या हवेची साक्ष

"वाहनाच्या क्लच यंत्रणेत हवा आढळली नाही. चालक महागू याने क्लच न दाबताच किल्ली फिरवल्याने जीप भिंतीवर आदळली."

बालाघाटच्या एका सरकारी कार्यालयाचा हा चौकशी अहवाल आहे. त्यावर सही आहे, गोल शिक्का आहे. मित्रांनो, मी एक जुना बुडबुडा आहे. आणि जी हवा तिथे आढळली नाही, ती मीच.

एखादी वस्तू आढळायची तर आधी ती शोधावी लागते. हा अहवाल खुर्चीत बसून लिहिला गेला. तो लिहिणारे मधुकरराव हे कार्यालयाच्या वाहनांचे प्रभारी. गाडीखाली वाकून पाहणे त्यांच्या कर्तव्यात बसत नव्हते.

माझा जन्म मोकळा होता. लालबर्र्याच्या रस्त्यालगत भाताच्या गिरणीचा कोंडा अंगावर घेऊन मी हिंडत असे. तिथेच फकिरा मिस्त्रीचे गॅरेज आहे. एके सकाळी तिथे जीपच्या क्लचमधली हवा काढायचे काम चालले होते. या कामाला दोन माणसे लागतात. एकाने वर पेडल दाबून धरायचे. दुसऱ्याने खाली निपल नावाची बारीक तोटी सैल करून तेलाबरोबर हवा बाहेर सोडायची. निपल पुन्हा आवळली की मगच पाय उचलायचा. पाय आधी उचलला, तर तीच वाट बाहेरची हवा आत ओढते.

महागू तेलाचा डबा आणायला गेला होता. मधुकररावांना घाई होती, म्हणून ते स्वतःच पेडलवर बसले.

"दाबा साहेब. धरा. मी म्हनल्याशिवाय सोडू नका," फकिरा खालून म्हणाला.

निपल उघडली आणि पेडल एकाएकी वर आले. मी आत ओढला गेलो. मागे पाना फिरला, आणि माझे जग बोटभर लोखंडाएवढे झाले.

"झालं का रे?"

फकिराने पाना पुसला. "हौ जी, झालं."

साहेब चुकले असे म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही. साहेब चुकत नाहीत, गाड्या बिघडतात.

त्यानंतरचे सात महिने मी त्या अंधाऱ्या कोपऱ्यात काढले. तेल दबत नाही, मी दबतो. एवढाच माझा गुण. वरून आलेला सारा जोर मी अंगात जिरवीत असे आणि पुढे काहीच पोचू देत नसे. अशा गुणावर कार्यालयांतून बढत्या मिळतात, क्लचमध्ये मात्र गियर अडतो.

महागूने तक्रार केली होती. "साहेब, पेडल पोचट लागून राह्यलं."

"महागू, तुझा पायच म्हातारा झाला," मधुकरराव म्हणाले. "हवा काढल्याचा कागद आहे माझ्याजवळ."

"पाय तोच आहे साहेब. चौदा वर्षांपासून तोच आहे."

कागदापुढे पायाचे काय चालणार? महागू दोनदा-तीनदा पेडल मारून काम भागवू लागला. मग बैहरला, भर दुपारी, त्याने उतारावर पहिल्या गियरमध्ये जीप उभी केली. इंजिनाच्या तापाने मी फुगलो होतो. परतताना त्याने क्लच तळापर्यंत दाबला. मला ठाऊक आहे, कारण तो मलाच दाबत होता. किल्ली फिरली. क्लच सुटलाच नव्हता, इंजिन चाकांना जोडलेलेच होते. जीप उसळून समोरच्या भिंतीवर गेली. कुणाला इजा झाली नाही, एवढेच काय ते बरे झाले.

अहवालाने महागूला कामावरून काढायची शिफारस केली. अंतिम निर्णय मधुकररावांच्या वरिष्ठ पौर्णिमा मॅडमकडे होता. त्यांनी जीप फकिराकडे आणवली, मधुकररावांना बोलावले, आणि स्वतः गाडीशेजारी उकिडव्या बसल्या.

"मॅडम, दाबला होता जी," महागू म्हणाला. "पण पाय जसा चिखलात जाऊन राह्यला होता."

"मग दाबा आता. आपण पाहू."

फकिराने निपलला सलाईनची पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवले. महागूने पेडल दाबून धरले. पाना फिरला, आणि मी तुकड्यातुकड्यांनी नळीत उतरलो. सात महिन्यांनी उजेड दिसला.

"ही हवा. आत कशी गेली?" मॅडमनी विचारले.

"पेडलवर साहेब होते जी. मधेच उठले. मले खालून त्यायचे बूट दिसले."

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"साहेबाले कसं सांगू?"

महागूचा पाय अजून पेडलवर होता, तसूभरही न हललेला. फकिराने निपल आवळून "सोड" म्हटले, तेव्हाच तो वर आला.

मित्रांनो, मी आता बाटलीच्या तोंडाशी आहे, क्षणात फुटेन. तुमचा पाय कधी पेडलवर असेल, तर तो उचलण्यापूर्वी गाडीखालच्या माणसाला विचारा. आणि तुम्ही गाडीखाली असाल, तर दिसलेले बूट बोलून दाखवा. मॅडम इथेच, गाडीशेजारी, अहवालाला एक पुरवणी जोडत आहेत. तीत मधुकररावांचे शब्द जसेच्या तसे आहेत:

"हौ, मी उठलो. मोठ्या साहेबांची गाडी रस्त्यावरून गेली. काच बंद होती, त्यांनी पाहिलंही नाही. पण मी उठलो."