राखेतला बर्नर

गोरक्षने दुकानाच्या फळ्या काढल्या, उंबऱ्यावर पाणी शिंपडले, ऐरणीला हात लावून कपाळाला लावला आणि मग मागच्या बोळातल्या राखेच्या पिंपाकडे गेला. द्वारका चौकात तेव्हा उड्डाणपूल नव्हता. ट्रक वळले की पत्रे थरथरत.

पिंपातली राख चिखल झाली होती. काल सांधून राखेत पुरलेला बर्नर वरच पडला होता, ओला.

शेजारच्या खानावळीतून सिंधुबाई हात पुसत आल्या. बर्नर त्यांचाच. आपणच पहाटे तो उकरून काढला, असे त्यांनी सहज सांगून टाकले. चुलीतल्या निखाऱ्यावर मारावे तसे तांब्याभर पाणीही मारले होते.

"लय ऊन व्हता. डायवर लोकं जेवायला यायची येळ झाली, गोरखभाऊ."

गोरक्षने बर्नर उचलून उजेडात धरला. सांधलेले ओतीव बीड राखेत आपोआप निवू द्यावे लागते. घाई केली की तडकते. त्यातून गॅस जाणारा भाग सांधायलाच नको, असे त्याने काल दोनदा सांगितले होते. सिंधुबाईंनी फारच गळ घातली, म्हणून तो कबूल झाला आणि रात्रभर तळमळत राहिला.

त्याने बर्नरवर हातोडीने हलकेच टिचकी दिली. आवाज बद्द आला. मग रॉकेल चोळले, कोरडे पुसले, वर खडू फिरवला. दोघे वाकून पाहत राहिले. पांढऱ्यावर हळूहळू चिरेतल्या रॉकेलची एक काळी रेघ उमटली आणि थेट नळीपर्यंत गेली.

"माझ्या डोक्यातला केस पडला आसंल," सिंधुबाई हसल्या.

त्याने पुसून पुन्हा खडू लावला. रेघ पुन्हा आली.

आजचा दिवस निभावू द्या, संध्याकाळी नवा आणते, असे त्या म्हणू लागल्या. गोरक्षला खानावळीतला तो कोपरा दिसत होता. रोज दुपारी तो समोरच्याच बाकावर जेवायला बसे. शेगडीशेजारी पाटावर त्यांची लेक रोशनी पोळ्या लाटायची. तिची वेणी जाळाच्या उंचीवर यायची.

"तव्याला चीर गेली तर भाकरी करपती, वहिनी. ह्याच्यातून गॅस जातो."

"बर्नर माझा हाय ना? द्या इकडं." त्यांनी पिशवीचे तोंड उघडून धरले.

गोरक्षने मान डोलावली. बर्नर ऐरणीवर ठेवला, मोठा घण उचलला आणि एकच घाव घातला.

दोन्ही तुकडे त्याने त्यांच्या पिशवीत ठेवले. सिंधुबाई पिशवी उचलून गेल्या. त्याने घण जागेवर ठेवला. दुपारी तो जेवायला कुठेच गेला नाही.