सागवानी पेटीतला कूलर

राजूरच्या त्या घरात एक गोष्ट सांडूमामा सोडून सगळ्यांना कळत होती आणि बोलत कुणीच नव्हतं. त्यांनी सुनेच्या, मोनिकाच्या, कॉम्प्युटरसाठी केलेली सागवानी पेटी दिसायला देखणी होती आणि कॉम्प्युटरचा जीव घेत होती.

आता पेटीत तसा काही दोष होता असं नाही. मामांच्या मुलाने, गोरक्षनाथने, जालन्यातल्या एका बंद पडलेल्या क्लासमधून कॉम्प्युटरचे सुटे भाग आणले, तेव्हा त्यांना डबाच नव्हता. घर दोन खोल्यांचं, टेबलाला जागा नाही, बसवायचं ते भिंतीतल्या कोनाड्यात. “पेटीच ना? मी करतो की,” म्हणून मामांनी कोनाड्याचं माप घेतलं, एका जुन्या दाराची फळी रंधून काढली आणि आठवडाभरात पेटी उभी केली. झाकणाला पंख्याच्या नेमकी वर येईल अशी जाळी कोरली, आणि तीही वेलबुट्टीची. मेंढरांमागं फिरणाऱ्यांच्या घरात जन्मून भोकरदनच्या एका सुताराच्या हाताखाली शिकलेला हा माणूस, हाताला कसब होतं. फक्त झाकण लावलं की प्रोसेसरवरच्या कूलरचा पंखा आतून जाळीला घासायचा. खर्रर्र आवाज व्हायचा, पंखा अडायचा, प्रोसेसर तापायचा आणि मोनिकाचं काम अर्ध्यावर असताना स्क्रीन काळी व्हायची.

मग मोनिकाने मामांना सांगितलं का नाही? असं विचारणाऱ्याला त्या घराची रीत माहीत नाही. सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. पुण्याच्या ऑफिससाठी बंगल्यांची थ्रीडी चित्रं काढणारी, मॅडमशी मीटिंगमध्ये वाद घालणारी मोनिका “चहा झालाय” हे सुद्धा सासूबाईंच्या तोंडून मामांपर्यंत पोचवायची. असा हुकूम कुणी काढलेला नव्हता. लग्नानंतर पहिल्या दिवशी पडलेली सवय ती, मोडायला आधी कुणी पुढं व्हायचं हे तेवढं ठरत नव्हतं. त्यात मामा आल्यागेल्या प्रत्येकाला कोनाड्यापाशी नेऊन पेटी दाखवायचे. मामा बाहेर पडले की मोनिका झाकण काढून काम करायची, आणि ओसरीत त्यांच्या चपला वाजल्या की झाकण परत जागेवर. चोरी केल्यासारखं वाटायचं तिला.

असं किती दिवस चालणार? दोन मीटिंगा मध्येच बंद पडल्यावर मॅडमनी सरळ सांगून टाकलं, “चतुर्थीच्या दुपारी क्लायंटला पूर्ण बंगला दाखवायचाय. या वेळी बंद पडलं तर पुण्याला येऊन बस, नाही तर काम दुसऱ्याला देते.”

पुण्याचं नावही मोनिकाला नको होतं. लग्न झाल्यावरची दोन वर्षं तिने तिथे हॉस्टेलच्या खोलीत काढली होती आणि गोरक्षनाथने इथे जीप चालवण्यात. संसार झाला तो फोनवर. आता कुठे सकाळचा चहा दोघं एकत्र पीत होते. ते तिला पुन्हा सोडायचं नव्हतं. कशासाठीही नाही.

म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशी, मामा बाहेर गेलेले पाहून, तिने आपल्या पद्धतीने माप घेतलं. जुना कूलर काढला, प्रोसेसरवर दुधाच्या पिशवीचा तुकडा पसरला, त्यावर कणकेचा उंच गोळा ठेवून झाकण दाबलं. गोळा जिथवर दबला तेवढी खराट्याची काडी मोडून घेतली आणि काडी पर्समध्ये टाकून ती जालन्याच्या जीपमध्ये बसली.

दुकानदार राधेश्यामने काउंटरवर दोन कूलर मांडले. “ताई, हा बिलकुल बुटका. कुठंबी बसतो.”

“गार किती ठेवतो?”

“आता बुटक्यानं किती दम धरावा! दुसरा घ्या, तांब्याच्या नळ्यांचा. दम बराबर, पन उंची जरा जास्त.”

मोनिकाने काडी दोघांशेजारी उभी धरली. बुटका काडीच्या पुष्कळ खाली राहिला. नळ्यांचा जवळजवळ टोकाला आला, वर नखाएवढी फट. बुटका घ्यावा तर घासायची भीती नाही, पण तापायची आहे. नळ्यांचा घ्यावा तर तापायची नाही, पण कणीक जरा जास्त फुगलेली असली तर? तिने काडी पुन्हा लावली, मग पुन्हा. राधेश्यामने मागच्या गिऱ्हाइकाला खुणेनेच थांबायला सांगितलं. हा पंखा वरून हवा ओढतो, हे तिला माहीत होतं. जाळीच्या जवळ असला तर बाहेरची गार हवा पितो. लांब राहिला तर पेटीतलीच, आपणच तापवलेली हवा पुन्हा पुन्हा गिळत बसतो. जवळ हवा, पण टेकता कामा नये.

“नळ्यांचा द्या,” ती म्हणाली, आणि घरी येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला.

कूलर बसला. झाकण लागलं. पंखा न घासता फिरला आणि तासभर कसून काम करूनही प्रोसेसर साठ-पासष्ट अंशांच्या पुढे तापला नाही. मोनिकाने सासूबाईंना मिठीच मारली. आसराबाईंना कशासाठी ते कळलं नाही, पण त्यांनी मारू दिली.

“आत्याबाई, पेटीत वर जागा कमी पडत होती हे मामांना सांगू नका हं.”

“मी कशाला सांगू?” आसराबाई म्हणाल्या. कुणाचं काही पोटात ठेवणं त्यांना आजवर जमलेलं नव्हतं, हे मोनिकाने लक्षात घ्यायला हवं होतं.

चतुर्थीला सकाळीच दोघी गणपतीला गेल्या. रांग फार लांब गेलेली. आसराबाई म्हणाल्या, “तू जाय, तुझी मीटिंग हाय. मी दर्शन करूनच येते.” गर्दीतून वाट काढत मोनिका घरी पोचली तेव्हा मीटिंगला थोडाच वेळ उरला होता. गोरक्षनाथ जीपच्या फेऱ्या मारत होता. घरात मामा एकटेच, दाराशी उभे, हाताला भुसा लागलेला आणि चेहऱ्यावर लपवता न येणारा आनंद.

तिने कोनाड्याकडे बघितलं. पेटी उंच झाली होती.

झाकणाखाली चारी बाजूंनी अंगठ्याएवढ्या रुंदीची नवी सागवानी पट्टी बसली होती. सांध्याला सरस, कोपऱ्यांना स्क्रू, वरून पॉलिशचा हात. कूलरचा पंखा आता जाळीपासून चांगला दोन बोटं खाली गेला होता.

मोनिकाने झाकण ओढून पाहिलं. हललं नाही. मामा अजून दारातच उभे होते, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. तिने पदर सारखा केला, हेडफोन चढवला आणि मीटिंग सुरू केली. मामा जरा वेळ थांबून ओसरीत जाऊन बसले.

बंगल्याचं फाटक, अंगण, दिवाणखाना. क्लायंट खूश होता. मोनिकाचं निम्मं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तापमानाच्या आकड्यावर होतं. सत्तर. पंचाहत्तर. स्वयंपाकघरात शिरेपर्यंत ब्याऐंशी. पंखा जीव तोडून फिरत होता आणि जितका फिरेल तितकी आपलीच गरम हवा ओढत होता. अठ्ठ्याऐंशी. चित्र अडखळायला लागलं.

“मोनिका, हँग होतंय का?” मॅडमचा आवाज थंड होता.

“नाही मॅडम, एक मिनिट.”

तिने सवयीने स्वयंपाकघराकडे बघितलं. आत्याबाई नव्हत्या. ज्यांच्याकडून निरोप द्यायचा त्या देवळाच्या रांगेत. ब्याण्णव. शंभराच्या आत कुठेतरी स्क्रीन काळी होणार, हे तिने दोनदा अनुभवलं होतं.

“मामा!”

ओसरीत बसलेल्या सांडूमामांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

“मामा, झाकण काढा! आत्ताच्या आत्ता. आत तापतंय.”

मामा दारात आले. “तापतंय? अगं, तुला वर जागा पुरंना म्हनून तर उचललं मी. हिनं सांगितलं रात्री.”

“उचललं म्हणूनच तापतंय!”

मामांचा चेहरा पडला. ते वळले आणि बाहेर गेले. रागावून गेले, आता संपलं सगळं, असं तिला वाटलं. नोकरी तर जाणारच, घरातली शांतीही गेली. स्क्रीनवर पंचाण्णव.

मामा परत आले ते पटाशी आणि हातोडी घेऊन. स्क्रू काढत बसायला वेळ नव्हता. त्यांनी पटाशी सांध्यात घातली, एक ठोका दिला, दुसरा दिला. सरस त्यांनीच लावलेला, तो काही सुटेना. तिसऱ्या ठोक्याला वेलबुट्टीची जाळी मधोमध उभी फाटली आणि झाकणाचे दोन तुकडे त्यांच्या हातात आले.

“काय फुटलं?” क्लायंटने विचारलं.

“झाकण,” मोनिका म्हणाली. “चला, आपण जिना बघू.”

आकडा पंचाण्णववर रेंगाळला. मग चौऱ्याण्णव झाला. जिन्याच्या वळणावर पंच्याऐंशी आणि गच्चीवर सत्तर. शेवटपर्यंत चित्र पुन्हा अडखळलं नाही. मीटिंग संपताना मॅडम म्हणाल्या, “यांचं फार्महाउसही तूच कर. तिथूनच कर.”

मोनिकाने हेडफोन काढला. मामा भिंतीला टेकून खाली बसले होते आणि झाकणाचे दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघत होते. जुळत नव्हते.

“कधीपासून तरास देऊन राह्यलं हे?” तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“मंग सांगायचं की.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

मामांनी हातातल्या फुटक्या जाळीकडे पाहिलं. “आता लई बरं वाटून राह्यलं का मला?”

मोनिकाला हसू आणि रडू एकदमच आलं. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि सांगायला लागली. हवा वरून कशी येते, बाजूने कशी बाहेर पडायला हवी, पंखा जाळीला का टेकायचा नाही आणि लांब का ठेवायचा नाही. मामा मधेच विचारत होते, ती हाताने दाखवत होती. दोघांचेही आवाज चढले होते.

आसराबाई प्रसादाचा नारळ घेऊन उंबऱ्यात आल्या आणि थबकल्या. फुटलेलं झाकण पाहून त्यांच्या लक्षात आलं, काहीतरी बिनसलंय आणि नेहमीसारखं आपल्यालाच निस्तरायचंय. त्या लगबगीने पुढे झाल्या. “अवो, ऐका, तिचं म्हननं असं हाय की—”

“तू थांब जरा,” मामा म्हणाले. “ती सांगून राह्यली मला.”