शुद्ध केलेली यादी

पत्र हिंदीत होतं आणि खाली सही नव्हती. हेडमास्तर अण्णा मुळे यांनी ऑफिसचं दार लोटून घेतलं आणि ते गोपाळकृष्ण तारे सरांच्या पुढ्यात सरकवलं.

"निरीक्षकांच्या कचेरीतून आलंय. खुलासा मागितलाय. आपल्यातलंच कोणीतरी आग लावून राहिलंय, तारे."

छप्पन सालचा भाद्रपद होता. एक नोव्हेंबरला मध्यभारत संपणार, नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार, हे ठरलं होतं. उज्जैनच्या कचेऱ्यांमधून कपाटं आणि माणसं रोज हलत होती. ग्वाल्हेर दरबारच्या काळापासून चालत आलेला शाळेचा मराठी विभाग कसाबसा टिकून होता. मुलं चाळीसच्या खाली गेली की तो बंद करावा, असा हुकूम होता. पटावर त्रेचाळीस होती. पत्रात लिहिलं होतं की यातली बारा नावं खोटी आहेत.

"खरं आहे का हे?" तारे सरांनी विचारलं.

"साफ खोटं. तुम्ही फक्त लिहिणारा कोण ते सांगा. अक्षर तुमच्याइतकं कोण ओळखणार?"

तारे सर चोवीस वर्षं व्याकरण शिकवत होते. देवास गेटपासून रामघाटापर्यंत ज्या ज्या मराठी घरात लिहिता येणारं माणूस होतं, तिथे त्यांची लाल शाई कधी ना कधी पोचली होती. 'घरें', 'मुलें', 'पुस्तकें' यांच्या डोक्यावरचे अनुस्वार विसरणाऱ्यांना ते बाकावर उभं करत. उच्चारात न ऐकू येणारा तो ठिपका का द्यायचा, असं एकदा कोणी विचारलं, तर म्हणाले होते, "दिसत नाही म्हणून देव नाही का?"

ते पत्र घरी घेऊन गेले, त्याची शब्दाबरहुकूम नक्कल केली आणि चुका अधोरेखित करायला बसले. 'कि' च्या जागी 'की'. 'विद्यार्थी' च्या जागी 'विधार्थी'. 'हाजीरी'. 'नाम' ऐवजी 'नांव', आणि तेही अनुस्वारासकट. म्हणजे लिहिणारा मराठी होता, यात संशयच नव्हता. अक्षर वाटोळं, सुटंसुटं होतं, पाटीवर गिरवल्यासारखं. डाव्या हाताने लिहिलं असावं, मुद्दाम.

पण पहिलाच शब्द त्यांना खुपत राहिला. 'उपर्युक्त'.

सगळं उज्जैन 'उपरोक्त' लिहीत होतं. कचेरीतले बाबू, वकील, खुद्द अण्णा मुळेसुद्धा. 'उपर्युक्त' लिहिणारा माणूस एकाच ठिकाणी तयार झालेला असणार. तारे सर मुलांकडून ते घोकून घेत: उपरि अधिक उक्त, इ चा य, उपर्युक्त. एवढ्या चुकांच्या ढिगात तो एकच अवघड शब्द बिनचूक होता. त्यांना क्षणभर बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा रागही आला. आपणच शिकवलेल्या माणसाने आपल्या शाळेवर उठावं?

"जेवायला वाढलंय," आतून अक्का म्हणाली.

अक्का त्यांची थोरली बहीण. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर ती मुलीला, जयूला, घेऊन इथे आली. तारे सरांची बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं. जयूने घर भरून टाकलं. दोन वर्षांपूर्वी, आठव्या वर्षी, ती विषमज्वराने गेली. तेव्हापासून अक्का कमी बोले. श्रावणापासून तर ती ताट मांडून आत निघून जाऊ लागली होती. तारे सरांना वाटलं, तब्येत.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी सगळ्यांचं अक्षर तपासलं. शिपायाची रजेची चिठ्ठी, ग्रंथपालाची पावती, पालकांची पत्रं. कोणी बोलत असेल तर ते थांबून ऐकत. मराठी विभागात त्यांच्याखेरीज चार शिक्षक होते, आणि चौघांपैकी कोणी हसलं तरी त्यांना वाटे, कशाला हसलं? शेवटी त्यांनी चौघांना एक सूचना कचेरीच्या भाषेत लिहून काढायला सांगितली. तोंडी मजकूर सांगताना 'वर सांगितलेल्याविषयी' असं म्हणाले आणि प्रत्येकाने त्याला काय लिहिलं ते पाहिलं. तिघांनी 'उपरोक्त' लिहिलं. रजनी कस्तुरेने 'उपर्युक्त'.

रजनी चोवीस वर्षांची. त्यांचीच विद्यार्थिनी. अकरा वर्षांची असताना ह्याच शब्दासाठी त्यांनी तिच्याकडून शंभर ओळी लिहून घेतल्या होत्या आणि ती वहीवर रडली होती. आता ती हिंदीची विशारद झाली होती. मराठी विभाग बंद पडला तर बाकीच्यांच्या बदल्या होणार, रजनीला मात्र हिंदी विभागात सहज जागा मिळणार. तारे सरांना सगळं जुळल्यासारखं वाटलं.

त्यांनी शिक्षकांच्या खोलीत, बाकी तिघे बसलेले असताना, ते पत्र तिच्यासमोर धरलं.

"हे तुझं आहे."

रजनीने पत्र वाचलं. सावकाश, शेवटपर्यंत.

"माझं नाही, सर."

"उपर्युक्त कोणी शिकवलं तुला?"

"तुम्ही. पण तुम्ही काय मला एकटीला शिकवलंत?" ती उभी राहिली. "सर, तुम्ही यातल्या चुका वाचल्यात. पत्र वाचलंत का?"

"आवाज खाली."

"वाचा एकदा. हे मी लिहिलेलं नाही, पण लिहायला पाहिजे होतं. तिसरीच्या वर्गात मी रोज चौदा नावं पुकारते आणि समोर दहा मुलं असतात. उरलेल्यांची हजेरी अण्णा स्वतः मांडतात. मी नोकरीच्या भीतीने गप्प बसले."

ती खोलीबाहेर गेली. तिघांपैकी कोणीही मान वर केली नाही. मधल्या सुट्टीत तारे सरांनी अण्णांना रजनीचं नाव सांगितलंच. तोवर त्यांचा स्वतःवर विश्वास होता.

संध्याकाळी घरी त्यांनी नक्कल उघडली. अधोरेखित शब्दांवरून डोळे घसरत होते. ओळ वाचायला त्यांना जोर लावावा लागला. मधल्या परिच्छेदात होतं: 'एक लडकी दो साल पहिले मर गई. उसका नांव अजून पांचवी में है.' 'पहिले' खाली रेघ होती. 'नांव' खाली रेघ होती. 'अजून' हा शब्द हिंदी नाही, म्हणून त्याच्याखाली दोन रेघा होत्या. मुलीखाली काही नव्हतं.

दोन वर्षं. मुलगी. अक्षर पाटीवर गिरवल्यासारखं.

घरातली सगळी पत्रं तारे सर लिहीत. अक्का मजकूर सांगे. तिचं अक्षर त्यांनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. लहानपणी तिला शाळेत घातलं नाही. चार वर्षांनी लहान असलेला गोपाळ शाळेतून आला की तिला समोर बसवायचा, अनुस्वार चुकला की बोटांवर पट्टी मारायचा. ती चूल सोडून यायची आणि मार खाऊन शिकायची. पुढे ती इथे राहायला आल्यावर वर्षानुवर्षं बाहेरच्या खोलीत शिकवण्या चालल्या आणि आत ती पोळ्या लाटत ऐकत राहिली.

ते स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"अक्का, हे तू लिहिलंस?"

तिने कागद पाहिलाही नाही. "लिहिलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" ती प्रथमच त्यांच्याकडे वळली. "श्रावणात नगरपालिकेचा लस टोचणारा आला होता. शाळेची यादी घेऊन. म्हणाला, पाचवीतली मुलगी लसीला गैरहजर आहे, कुठे आहे? मी म्हटलं, दाखव यादी. गाव सोडून गेलेल्या अकरा पोरांची नावं होती, आणि बारावं जयंती दत्तात्रय पुराणिक. कारकुनाने 'जयंति' लिहिलं होतं. त्याच्यावर लाल शाईने दीर्घ केलेलं. मी तुझी लाल शाई ओळखत नाही होय रे?"

अण्णा दर तिमाहीला तारे सरांकडे पट पाठवत, वर चिठ्ठी असे: नावं शुद्ध करून द्यावीत. ते करून देत. घरात ती जयूच होती. 'जयंती' हे नाव फक्त कागदावर होतं, आणि कागदावर त्यांना वेलांटी दिसली.

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे," अक्का म्हणाली. "शाळेसाठी तू माझ्या मुलीला हजर ठेवलंस. दोन महिने तुला वाढताना माझ्या मनात तेच. आणि मराठीत लिहिलं असतं तर तिकडे कोण वाचणार होतं? म्हणून जमेल तसं हिंदीत लिहिलं."

"मला ठाऊक नव्हतं, अक्का."

"आता तुझ्या शब्दाचं काय करू मी?"



दुसऱ्या दिवशी ते शाळा भरण्याआधी अण्णांकडे गेले. अण्णांनी आधी हात झटकले, मग खाली बसले.

"बारा नावं आहेत. अकरांचे आईबाप बदलून इंदोरला, भोपाळला गेले. एक... मला वाटलं, तुम्हाला चालत असेल. यादी तुमच्या हाताखालून जात होती. तुम्ही काही बोलला नाहीत, मी समजलो, शाळेसाठी तुम्हीही मन घट्ट केलंय."

"मी निरीक्षकांना खरं सांगणार आहे."

"शाळा जाईल, तारे."

"आणि रजनीचं नाव मागे घ्या. ते पत्र तिचं नाही."

"ते कालच कळवलं मी," अण्णा जमिनीकडे पाहत म्हणाले. "टपाल गेलं."

दसऱ्यानंतर निरीक्षक आले. त्यांनी पट मागवला आणि तारे सरांना समोर बसवून एकेक नाव विचारलं. "मास्टर साहब, ये बच्चा कहाँ है?" तारे सर सांगत गेले: इंदोर, भोपाळ, इंदोर, ग्वाल्हेर. जयंतीच्या नावाशी आल्यावर निरीक्षकांचं बोट थांबलं. लाल दीर्घ वेलांटी त्यांनाही दिसली.

"ये सुधार किसका है?"

"मेरा. मेरी भांजी थी. दो साल हुए, गुज़र गई."

निरीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी पुढचं नाव विचारलं.

नोव्हेंबरात मराठी विभाग बंद झाला. एकतीस मुलं हिंदी वर्गांत बसू लागली. अण्णांना वेळेआधी निवृत्त व्हावं लागलं. तारे सरांना ताकीद मिळाली आणि हिंदीच्या खालच्या वर्गांवर नेमणूक. रजनीची बदली शाजापूरला झाली. पत्र तिचं नसल्याचं तारे सरांनी दोनदा लेखी कळवलं, पण जुन्या राज्याच्या कचेरीतली फाईल नव्या राज्याच्या कचेरीत कुठे गेली ते कोणालाच सांगता आलं नाही.

ती जायच्या दिवशी ते देवास गेटच्या स्टँडवर गेले. रजनी ट्रंकेवर बसली होती.

"माझी चूक झाली," ते म्हणाले.

"मला कळलंय, सर. अक्का भेटल्या होत्या." ती बसकडे पाहत होती. "पण तुम्ही मला एकटीला गाठून नव्हतं म्हटलं. तिघांसमोर म्हटलं होतं. त्या तिघांना अजून वाटतं, मीच लिहिलं. त्यांच्या घरी जाऊन सांगाल?"

"सांगतो."

"बघा," ती म्हणाली आणि ट्रंक चढवायला हमालाला हाक मारली.

त्या रविवारी तारे सर तिघांच्याही घरी गेले. पहिल्याने चहा दिला आणि विषय बदलला. दुसरा म्हणाला, "जाऊ द्या सर, झालं ते झालं," पण त्याने विश्वास ठेवला की नाही ते त्यांना कळलं नाही. तिसरा भैरवगढला राहायचा. तिथवर ते पायी गेले. छापलेली कापडं वाळत पडलेल्या अंगणात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं: रजनीवर आळ का घेतला, पत्र कोणाचं, यादीत कोणाचं नाव होतं आणि ते कोणी दुरुस्त केलं. त्या माणसाची बायकोही कामाचे हात पुसत ऐकायला उभी राहिली. त्यांनी तिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

ते परतले तेव्हा अक्काने ताट मांडलं होतं. वाढून झाल्यावर ती आत गेली नाही. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "तिघांकडेही जाऊन आलास?"

"हो."

"रजनीला पत्र टाक तसं," अक्का म्हणाली. "नको, थांब. मीच टाकते. पत्ता सांग."