सातवा झगा

झग्याची घडी धनेश पास्टरांच्या हातांवर तशीच राहिली. जिजाने हात पुढे केले नव्हते. कामोठ्यामागच्या खाडीच्या बांधावर पांढरे झगे घातलेली सहा माणसे बाप्तिस्म्यासाठी उन्हात उभी होती. भरतीचे पाणी दगडांशी कुजबुजत होते.

सातवा झगा जिजाच्या आईचा, ठमाबाईचा. वीटभट्टीवर जन्म भाजून निघालेल्या त्या बाईने चार महिन्यांपूर्वी बाप्तिस्मा मागितला होता. पास्टर म्हणाले, सात जण होऊ देत. सात हा पूर्णत्वाचा आकडा. शिवाय बाहेरगावचे पाहुणे यायचे होते, फोटो निघायचे होते आणि भरतीही मोठी हवी होती, कारण ओहोटीला खाडी नुसता चिखल दाखवते. तारणालाही मुहूर्त लागतो हे ठमाबाईला ठाऊक नव्हते. ती दर रविवारी विचारत राहिली आणि गेल्या मंगळवारी तापात गेली.

मातीला पास्टर आले नाहीत. 'बाप्तिस्म्याच्या यादीत नाव आहे, चर्चच्या मंडळीत नाही,' एवढा निरोप आला. वाडीतल्या माणसांनीच तिला पुरले.

"घे, जिजा," पास्टर मऊ आवाजात म्हणाले. "आईची जागा रिकामी राहू नये. पाहुणे खोळंबलेत."

"पास्टर, माजी आय कुठं हाय?"

"प्रभूजवळ. देव मन पाहतो, बाळ."

"पान्याबिगर?"

"येशूशेजारी वधस्तंभावर मेलेल्या चोराला कुठे बाप्तिस्मा मिळाला होता? तरी तो स्वर्गात गेला. त्याला वेळच नव्हता."

"आयला व्हता. चार मयने."

रांगेतल्या पांडूने खोकल्याचे निमित्त करून तोंड फिरवले.

जिजाने पास्टरांकडे नीट पाहिले. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, घोट्यांना अजून चिखलाचा थेंब नाही. स्वर्गाची किल्ली आपल्याजवळ आहे असे हा माणूस दर रविवारी सांगत आला. आणि दाराशी म्हातारी उभी असताना, फोटोवाला येईपर्यंत ती किल्ली खिशात खुळखुळवत बसला. तिला रागही येईना. रागावण्याइतका तो मोठा राहिला नव्हता.

"मंगळवारी ती भायेरची व्हती," ती म्हणाली. "आज आत कशी आली? आन पान्याबिगर आत जाता येतं, तर मी कशाला भिजू?"

"तारण कृपेने होतं. पाणी म्हणजे त्या कृपेला दिलेली कबुली." वाक्य देखणे होते, पुष्कळ हातांतून गेलेल्या नाण्यासारखे गुळगुळीत.

"तिनं दिली व्हती कबुली. तुमी घेतली नाय."

पास्टरांनी पाण्याकडे पाहिले. दगडांवर ओली रेघ उघडी पडू लागली होती.

"पाणी उतरतंय, जिजा. येतेस ना?"

जिजाने झगा घेतला. पास्टरांचा चेहरा सैलावला. तिने घडी उलगडली, त्याच्या गळ्याच्या आत आईने ओळखीसाठी शिवलेला लाल दोरा अंगठ्याने चाचपला, झगा पुन्हा घडी करून काखेत धरला, आणि पाण्याकडे पाठ करून ती वाडीच्या वाटेला लागली.